एकाच गार्नेटची दोन तापमानं निघाली? सरासरी काढू नका

उष्णता आणि दाबाने बदललेल्या, म्हणजे रूपांतरित, खडकाला एकच तापमान आणि एकच दाब असतो, अशा समजुतीने बेळगावकडची बरीच मुलं प्रोजेक्टला हात घालतात. खडक तापतो, खोल जातो, वर येतो, निवतो. त्यातलं प्रत्येक खनिज, आणि खनिजाचा प्रत्येक भागसुद्धा, या प्रवासातला वेगळा टप्पा धरून बसलेला असतो.

सगळ्यात जास्त घोळ गार्नेट-बायोटाइट तापमापीत होतो, म्हणजे गार्नेट (लालसर खनिज) आणि बायोटाइट (काळं अभ्रक) यांच्यावरून खडकाचं तापमान काढताना. या दोन खनिजांत लोह आणि मॅग्नेशियमची वाटणी तापमानाप्रमाणे बदलते, त्यावर ही पद्धत उभी आहे. पण दोन्ही कण एकाच वेळी समतोलात असायला हवेत. होतं काय, तर एका बिंदूवर 500 अंश सेल्सिअस येतात, दुसऱ्यावर 650, आणि प्रोजेक्टमध्ये 575 लिहून मोकळे! त्या 575 ला काडीचा अर्थ नाही. गार्नेटचा गाभा वाढीच्या सुरुवातीचा, बाहेरचा बायोटाइट नंतर बदललेला. त्यांची जोडी लावली तर तो आकडा कुठल्याच क्षणाचा नसतो.

आधी गार्नेटच्या कडेपासून कडेपर्यंत 10 ते 20 मायक्रॉनच्या अंतराने मायक्रोप्रोबची (बारीक ठिपक्याची रासायनिक घडण मोजणारं यंत्र) रेघ मारा आणि मँगनीज बघा. वाढताना गार्नेट मँगनीज ओढून घेतं, म्हणून ते गाभ्यात जास्त आणि कडेकडे कमी होत जातं. अगदी कडेला ते पुन्हा वर चढलं, तर निवताना गार्नेट विरघळलंय. त्यातून सुटलेलं लोह शेजारच्या बायोटाइटने घेतलेलं असतं. असा बायोटाइट आतल्या गार्नेटशी जोडला की तापमान फुगून येतं. उलट चिकटून असलेल्या दोन कडांची जोडी बऱ्याचदा निवतानाचं कमी तापमान दाखवते. कमाल तापमानासाठी मँगनीज चढण्याच्या अलीकडचा बिंदू आणि गार्नेटपासून लांबचा बायोटाइट घ्यावा. छेदात (सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या खडकाच्या पातळ कापात) गार्नेटभोवती हिरवट क्लोराइटची झालर दिसली, तर त्या कडेच्या वाटेला जाऊच नये.

मोठ्या गार्नेटमधली मँगनीजच्या आलेखाची वळणं सपाट दिसली तर? साधारण 650-700 अंशांच्या वर अणूंची हालचाल वाढीच्या खुणा पुसून टाकते. तिथे गाभ्यावरून सुरुवातीची कथा रचू नका.

कायनाइट आणि सिलिमनाइट (एकाच घडणीची, पण वेगळ्या दाब-तापमानाला स्थिर असणारी खनिजं) एकाच छेदात दिसले म्हणजे दोन्ही एकाच वेळी स्थिर होते, असं नाही. कायनाइट बदलायला फार आळशी. तो मागे उरतो. कोण कोणाला खातंय ते बघा. सिलिमनाइटचे बारीक तंतू पुष्कळदा अभ्रकातच उगवलेले असतात, कायनाइटवर नव्हे.

612 अंश असं लिहू नका. या तापमापीची चूकच साधारण 50 अंश, दाबाची 1 किलोबार. म्हणजे साडेतीन किलोमीटर खोली!

गोकाकचा क्वार्ट्झाइट यासाठी आणू नका. तो कलादगी खडकगटाचा सिलिकाने घट्ट झालेला वाळूखडक, आणि नुसत्या क्वार्ट्झवरून या मापनात काही निघत नाही. खानापूर-लोंढ्याकडचे फिलाइट आणि शिस्ट हे पापुद्र्यांचे खडक बहुतेक हरित-शिस्ट दर्जाचे (कमी तापमानाला बदललेले), तिथे क्लोराइट आणि पांढऱ्या अभ्रकावरच काम करावं लागतं. गार्नेट, कायनाइट हवे असतील तर दक्षिणेला होळेनरसीपूरच्या पट्ट्यात जावं. धारवाड क्रॅटनमध्ये (कर्नाटकाखालचा प्राचीन, स्थिर खडकांचा पाया) रूपांतरणाचा दर्जा दक्षिणेकडे चढत जातो.

नमुना घेताना जांभ्याखालचा पिवळा, भुसभुशीत दगड उचलून वेळ वाचवणारे नंतर छेदात नुसती चिकणमाती बघतात. नदीपात्र, खाण किंवा रस्त्यासाठी कापलेली ताजी भिंत गाठा, हातोड्याने कवच उडवा, आणि आतला काळपट, खणखणीत वाजणारा मुठीएवढा तुकडा घ्या. काढण्याआधी त्याच्यावर पत्रणाची (खडकातल्या पापुद्र्यांची) दिशा आणि नती (उतार) मार्करने लिहा.