पाचवीतल्या मुलाला वाचता येत नाही? आधी ‘क ला काना का’ थांबवा

नाशिकमधल्या सातपूरच्या एका समाजमंदिरात मी २०२१ पासून संध्याकाळी मुलांना वाचायला शिकवते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. शहरातल्या लहान वर्गांचं दार उघडलं ते थेट डिसेंबर २०२१ मध्ये, आणि जानेवारीत ते पुन्हा काही दिवस बंद झालं. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल वर्गात पहिल्यांदा बसलं तेव्हा दुसरीचं अर्धं वर्ष सरलं होतं. पहिलीत जे हात धरून गिरवून घेतात, ते त्याच्याकडून कुणी घेतलंच नाही. फळ्यावर मात्र दुसरीचा धडा होता. तेच मूल जून २०२५ मध्ये सहावीत गेलं.

हे फक्त आमच्या वस्तीत घडलेलं नाही. ग्रामीण भारतात मुलांच्या घरी जाऊन जे ‘असर’ सर्वेक्षण होतं, त्यात २०१८ साली तिसरीतल्या २७.३ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर आलं.

माझ्याकडे येणारी प्रत्येक आई सुरुवातीला एकच वाक्य बोलते, “बाई, ह्याला काहीच येत नाही.” तिला त्याआधी भरपूर सल्ले मिळालेले असतात. शिकवणी लावा, रोज दहा पानं शुद्धलेखन काढून घ्या, मोबाईलवर ॲप घ्या, मोठा झाला की येईल आपोआप. यातला एकही सल्ला मानू नका. शिकवणीत इयत्तेचाच अभ्यास होतो. न वाचता येणारं मूल दहा पानं लिहितं तेव्हा ते चित्र काढल्यासारखं अक्षर उतरवतं, त्याचा आवाज त्याच्या डोक्यात उमटत नाही. आणि आपोआप तर काहीच येत नाही. मी चार वर्षं वाट पाहिलेली मुलं बघितली आहेत.

पातळी शोधा, इयत्ता विसरा

पाच मिनिटांचं काम आहे. एका कागदावर दहा सुटी अक्षरं, दुसऱ्यावर दहा साधे शब्द, तिसऱ्यावर चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद, चौथ्यावर दहा ओळींची गोष्ट. सगळं स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरात लिहा. मूल जिथे अडखळतं तिथून सुरुवात करायची, मग ते कितवीत का असेना.

पाठ्यपुस्तक उघडून परीक्षा घेऊ नका. यात मी एकदा पुरती फसले. चौथीतली एक मुलगी धडा घडाघडा वाचायची, ओळीवर बोटही ठेवायची. मी तिला वाचणाऱ्यांच्या गटात बसवलं. महिन्याभराने त्याच धड्यातला एक शब्द पाटीवर सुटा लिहिला आणि ती गप्प झाली. वर्गात ऐकून तिला सगळं पुस्तक पाठ होतं, बोट नुसतं सरकत होतं. तो महिना तिचा वाया गेला.

जुलै २०२१ मध्ये शाळांनी ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम घेतला, तो मागच्या इयत्तेच्या उजळणीचा होता. ज्याला अक्षरच ओळखता येत नाही, त्याला मागची इयत्ताही पुढचीच असते.

वेळ

रोज चाळीस मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस. रविवारी तीन तास बसवून भरपाई होत नाही.

अक्षरं

जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं करा. क, ख, ग, घ या क्रमाने जाऊ नका. र, स, क, म, न, ग, घ, प अशी रोजच्या शब्दांत सतत येणारी अक्षरं आधी घ्या. घ-ध, भ-म, ब-व या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका, त्यांच्यात आठवडाभराचं अंतर ठेवा. ङ आणि ञ सोडून द्या. तीसेक अक्षरं बघताक्षणी ओळखता आली की पुढे चला, एवढं पुरतं.

शब्द: इथेच गाडी अडते

अक्षरं सगळी येतात आणि शब्द एकही वाचता येत नाही, अशी मुलं सर्वांत जास्त येतात. बहुतेक शिकवणारे इथेच हात टेकतात, आणि मीही टेकले होते. वर सांगितलेल्या त्याच मुलीकडून मी तीन महिने बारखडी लिहून घेतली. तिच्या दोन वह्या भरल्या, पण ‘पाणी’ काही तिला वाचता आलं नाही. चूक तिची नव्हती.

पहिली अडचण मात्रा येण्याच्याही आधीची आहे. आपल्या प्रत्येक अक्षराच्या पोटात ‘अ’ असतो, पण शब्दाच्या शेवटी आपण तो उच्चारत नाही. ‘दसक’ हे गावाचं नाव बघा. ‘दसक’ लिहितो आणि दसक् म्हणतो. मूल मात्र शिकवल्याप्रमाणे द... स... क... असं म्हणतं आणि आपण विचारतो, “मग काय झालं?” त्याच्या कानावर ‘दऽसऽकऽ’ असा शब्द कधी पडलेलाच नसतो, मग ते ओळखणार कसं? नाशिकरोडच्या बाजूची मुलं दसक गावात रोज जातात-येतात, तरीही हा शब्द वाचताना थांबतात. म्हणून ‘जोडून सांग’ एवढ्यावर सोडू नका. जोडणं तुम्ही करून दाखवा. शेवटचं अक्षर पटकन मिटायचं, द-सक्. चार अक्षरी शब्द दोन टाळ्यांत घ्या. कळ-वण, दोन टाळ्या. घर, बदक, सरबत, दसक, कळवण असे बिनमात्रेचे शब्द निदान आठवडाभर द्या. हा आठवडा कुणीच देत नाही, सगळ्यांना काना-मात्रेची घाई असते. तुम्ही ती करू नका.

दुसरी अडचण आपणच तयार केली आहे. ‘क ला काना का, ग ला काना गा, द ला काना दा’. हे ऐकायला इतकं बरं वाटतं की आईला वाटतं मूल शिकतंय. आता याच पद्धतीने ‘कागद’ वाचून बघा. क ला काना का, ग ला काही नाही ग, द ला काही नाही द. इतकं बोलून शेवटी पोचेपर्यंत सुरुवातीचा ‘का’ लहान मुलाच्या डोक्यातून निघून गेलेला असतो. त्याची स्मरणशक्ती काना-मात्रेची नावं घेण्यातच खर्च होते. मोठी झालेली मुलंसुद्धा ओठांत हे पुटपुटताना मी ऐकली आहेत. त्यांचा वेग कधीच वाढत नाही, आणि वेग नसला की वाक्याच्या शेवटी पोचल्यावर अर्थ हातात राहत नाही.

म्हणून माझ्या वर्गात ‘ला काना’ म्हणायला बंदी आहे. चिन्हाचं नाव घ्यायचं नाही, थेट ‘का’ म्हणायचं. घरी आजी-आजोबा किंवा मोठी ताई जुन्या पद्धतीने म्हणवून घेत असतील तर त्यांना समजावून थांबवा. दोन्हीकडून दोन पद्धती आल्या की मूल जुनीचा आधार घेतं.

तिसरी गोष्ट, बारखडी आडवी म्हणू नका, उभी वाचा. क, का, कि, की ही आडवी ओळ चालीवर पाठ होते. मुलाला मधल्या ‘कू’वर बोट ठेवून विचारा. ते पहिल्यापासून म्हणत येतं आणि तिथे पोचतं, म्हणजे वाचत नाही, मोजतं. त्याऐवजी एकच चिन्ह घ्या आणि येणाऱ्या सगळ्या अक्षरांना लावा. का, मा, ना, सा, पा, रा. दुसऱ्या दिवशी तोच रकाना खालून वर, तिसऱ्या दिवशी कार्डं पिसून. चौथ्या दिवशी त्याच चिन्हाचे शब्द, मामा, नाक, कागद, सामान, बाजार. मुलाला न सांगता एखादा बनावट शब्दही मध्ये टाका, ‘नारास’सारखा. तोही वाचला तर ते खरोखर वाचतंय.

चिन्हांचा क्रम माझ्या अनुभवातून ठरलेला आहे आणि मी तो कुणाच्या सांगण्यावरून बदलत नाही. आधी काना. मग दुसरी वेलांटी, कारण ती अक्षराच्या पुढे येते आणि आवाजही त्याच क्रमाने येतो. मग एक मात्रा, ओकार, दोन्ही उकार. पहिली वेलांटी त्यानंतर. ती लिहिलेली असते अक्षराच्या आधी आणि उच्चारायची असते नंतर. डावीकडून वाचत येणारं मूल ‘दिवस’ पाहून वेलांटीशीच थबकतं. त्याला सरळ सांगा, ही टोपी पुढच्या अक्षराची आहे, आधी अक्षर बघ. ते सांगितलं की दोन दिवसांत जमतं, न सांगता दोन वर्षं अडतं. ऐकार-औकार शेवटी. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक वाचताना काढत बसू नका, तो लिहिण्याच्या वेळी बघता येईल.

अनुस्वार मात्र नीट समजावा. एकाच टिंबाचा आवाज ‘आंबा’ मध्ये म् सारखा, ‘संत’ मध्ये न् सारखा, आणि ‘केलं’ मध्ये तर शेवटचा अ नुसता लांबतो. नियम सांगू नका, शब्द ऐकवा. तसंच ‘चाक’ आणि ‘चिमणी’ यांतला च वेगळा बोलला जातो. सुरगाणा-पेठकडून आलेल्या, कोकणी (कोकणा आदिवासींची बोली) बोलणाऱ्या मुलांना किंवा अंबडच्या कारखान्यांसाठी उत्तरेकडून आलेल्या घरांतल्या हिंदी बोलणाऱ्या मुलांना हे शब्द आधी तोंडी ऐकवावे लागतात. जो शब्द कधी ऐकलाच नाही, तो वाचला तरी ओळखता येत नाही. अशा मुलांशी रोजची पहिली दहा मिनिटं नुसत्या गप्पा मारा.

सरावाला पुस्तक लागत नाही. नाशिकची नावं पुरतात. ‘निमाणी’ या एका शब्दात पहिली वेलांटी, काना, दुसरी वेलांटी तिन्ही आहेत. मग सातपूर, मखमलाबाद, इगतपुरी, सुरगाणा, येवला, निफाड. बसवरच्या, दुकानांवरच्या पाट्या येता-जाता वाचायला लावा. त्या मुलीने सर्वांत आधी स्वतःहून वाचलेला शब्द ‘निमाणी’च होता, बसची वाट पाहताना. तिची आई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन रडली. आडवी बारखडी सोडल्यानंतर पाचव्या आठवड्यात हे घडलं.

या टप्प्यावर तीन गोष्टी कटाक्षाने टाळा. मूल अडलं की लगेच शब्द सांगू नका, मनात दहापर्यंत मोजा. त्याच्याहून लहान भावंडाला त्याच्यासमोर वाचायला लावू नका. आणि ‘ढ’ हा शब्द घरात कुणालाही, गमतीतही, वापरू देऊ नका. पाचवी-सहावीच्या मुलाला पहिलीच्या मुलांशेजारी बसून ‘मामा’ वाचताना किती लाज वाटते, हे त्याच्या मानेकडे बघितलं तरी कळतं. मी अशा मुलांना अर्धा तास आधी बोलावते. तेवढ्याने गळती थांबते.

जोडाक्षरं

मात्रा पक्क्या असतील तर दोन आठवडे. शब्द उच्चाराप्रमाणे तोडायचा, लिखाणाप्रमाणे नाही. सिन्-नर. रफार ज्या अक्षरावर बसतो त्याच्या आधी बोलायचा, पाथर्-डी. ‘सूर्य’ आणि ‘सुऱ्या’ शेजारी लिहून दाखवा. ‘त्र्यंबकेश्वर’ शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवा.

परिच्छेद आणि गोष्ट

सोपं आहे. रोज एक छोटी गोष्ट, आधी तुम्ही वाचा, मग दोघांनी मिळून, मग त्याने एकट्याने. वाचून झाल्यावर प्रश्न विचारा, पण ‘यातून काय शिकलास’ हा प्रश्न नको. ‘तू तिथे असतास तर काय केलं असतंस’ हा विचारा. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार मोफत मिळतात. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक मोफत वाचता येतात. पुस्तक हातात हवं असेल तर १८४० पासून चालू असलेलं आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय आहेच.

गणितातली शाब्दिक उदाहरणं यानंतर निम्मी आपोआप सुटतात. अडचण आकड्यांची नसून वाक्य वाचण्याची होती, असं बहुतेकांच्या बाबतीत दिसतं.

सहा आठवड्यांनीही अक्षर टिकत नसेल तर

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळा न दिसणारी मुलं मी दरवर्षी बघते. ते ठीक असेल आणि तरीही काल ओळखलेलं अक्षर आज पुसलं जात असेल, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन शिकायला अडचण येण्याची (जसं डिस्लेक्सिया), तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि त्याप्रमाणे सवलती मागता येतात. यात कमीपणा मानून दोन वर्षं घालवू नका.

गाव बदलणारी मुलं

द्राक्षांच्या छाटणीला आणि काढणीला आई-बाप दिंडोरी, निफाडला जातात, मूल बरोबर जातं आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत येतं. पूर्वी मी त्याला पुन्हा पहिल्या कार्डापासून सुरू करायचे. आता निघायच्या आदल्या दिवशी मी एक चिठ्ठी लिहून दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवते. कोणती चिन्हं पक्की, कोणत्या चिन्हावर अडतं, शेवटचे वाचलेले वीस शब्द कोणते, आणि खाली एक ओळ, ‘याच्याकडून क ला काना का म्हणवून घेऊ नये.’ तिकडच्या शाळेतल्या बाईंना ती दाखवायला आईला सांगते. शाळेत नाव घातलं नाही तरी रात्री मळ्यावर ते वीस शब्द कुणीतरी वाचून घ्यावेत, एवढं आईकडून कबूल करून घेते.