सुपडू, उखर्डू, नथू : गावातल्या जुन्या नावाचा माग कसा काढावा

खान्देशातल्या जुन्या मतदार यादीवर नुसती नजर फिरवली तरी सुपडू, उखर्डू, भिका, धोंडू, चिंधा, कडू, नथू ही नावं सापडतात. नातवंडांच्या हजेरीपटात त्यातलं सहसा एकही नसतं. नाव का पडलं आणि कोणत्या दशकात ओसरलं, हे शोधायचे कागद बहुतेक गावातच किंवा तालुक्याला असतात. कोणता कागद काय सांगतो आणि कुठे फसवतो, ते मात्र आधी माहीत हवं. इथे ‘सुपडू’ हे नाव धरून पूर्ण रीत दिली आहे; दुसऱ्या कुठल्याही नावाला ती तशीच लागू पडते.

आधी रूपं गोळा करा

मोजणीला बसण्याआधी एका कागदावर नावाची सगळी रूपं मांडा: सुपडू, सुपडु, सुपडा, सुपडाबाई, सुपडाजी. हे टाळलं तर एकाच माणसाची दोन माणसं होतात किंवा निम्मी नावं हातातून निसटतात. जुन्या मोडी कागदांत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो, म्हणून ‘डु’ आणि ‘डू’ वेगळे मोजायचं कारणच नाही. मोडीत शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत. अशा वेळी ‘वलद’ किंवा ‘बिन’ (अमक्याचा मुलगा) आणि ‘कोम’ (अमक्याची बायको) या खुणा शोधा. ‘सुपडू वलद भिका’ असं दिसलं की दोन पिढ्यांची नावं एकदम हाती येतात.

जिल्ह्याचं नावही बदलत गेलं आहे. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव, पश्चिम म्हणजे धुळे. नंदुरबार तर १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. शहाद्याचा किंवा तळोद्याचा जुना कागद हवा असेल तर ‘पश्चिम खानदेश’ आणि ‘धुळे’ अशा दोन्ही नावांनी मागा. मुक्ताईनगरकरांनी ‘एदलाबाद’ म्हणूनही शोधावं.

अर्थ कोशात अर्धाच मिळतो

सुपडू हे सूप या शब्दावरून आलं, संस्कृतात शूर्प. उखर्डू उकिरड्यावरून, चिंधा चिंधीवरून. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश किंवा दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडला की मूळ शब्द सापडतो. पण पोटच्या पोराला सुपाचं नाव का, हे कोश सांगत नाही. ते चालीरीतीत आहे.

ज्या घरात लेकरं जगत नसत, तिथे नवं मूल जन्मलं की त्याला सुपात घालत, उकिरड्यावर टेकवून आणत, नाहीतर शेजारणीच्या ओटीत टाकून मूठभर धान्य किंवा पैसा-दोन पैसे देऊन ‘विकत’ घेत. मूल टाकाऊ आहे, परक्याचं आहे, असं दाखवलं की सटवाईची किंवा काळाची नजर पडत नाही, ही त्यामागची समजूत. त्यातूनच सुपडू, उखर्डू, भिका. कडू म्हणजे काळानेही थुंकून टाकावा असा. नथू म्हणजे नाक टोचून नथ घातलेला मुलगा; तो मुलगी वाटावा म्हणून. तपशील घरोघरी बदलतो, म्हणून आपल्या घराचा तपशील विचारूनच लिहा.

या नावांत ‘नकोशी’ मिसळू नका. साताऱ्यात २०११ साली जिल्हा परिषदेने नकुशी नावाच्या मुलींची नावं बदलण्याचा कार्यक्रम घेतला होता; त्या नावामागे मुलगी नको होती. सुपडूमागे मूल हवं होतं, फार हवं होतं. ऐकायला दोन्ही सारखीच हिणकस, पण मोजताना एका गटात टाकली तर निष्कर्ष पार उलटा निघतो.

दिवसावरून पडलेली नावंही बाजूला ठेवा: सोमा, मंगा, बुधा. तसंच छगन, मगन, रतिलाल ही नावं. त्यांची वाट गुजरातकडून येते, नवसाकडून नाही.

कथा खरी का, ते तपासा

घरात कुणी ‘आजोबांना सुपात घातलं होतं’ असं सांगितलं की ते पुरावा धरू नका. नावावरून कथा मागाहून जुळवली जाते, आणि अशी कथा खऱ्या कथेपेक्षा जास्त गोळीबंद असते. पडताळा असा घ्या: तहसीलच्या अभिलेख कक्षात गावाचं कोतवाल बुक, म्हणजे जुनी जन्म-मृत्यू नोंद, असेल तर त्या माणसाच्या जन्माआधीची दहा वर्षं चाळा. त्याच बापाच्या नावापुढे तान्ह्या मुलांचे मृत्यू दोन-तीनदा आले असतील तर कथेला आधार मिळाला. मृत्यूच्या रकान्यात मुलाचं नाव बहुधा नसतंच, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. म्हणून शोध बापाच्या नावाने घ्यायचा.

घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारताना थेट ‘किती पोरं गेली?’ असं विचारू नये. ‘आबांच्या पाठचे-पुढचे कोण कोण?’ असं विचारलं की गेलेली लेकरं ती आपणहून सांगते. नाव फुईने (आत्याने) ठेवलं होतं की सुईणीने, हेही विचारा.

एक अडचण नेहमीची. तेच नाव पुढे वाडवडिलांची आठवण म्हणून ठेवलं जातं. पणजा सुपडू सुपातला असेल. त्याच्या नावाने ठेवलेल्या पणतवाचा सुपाशी काही संबंध नसतो. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे ‘पहिला’ किंवा ‘घराण्यातला’ अशी खूण करा.

बहिणाबाई चौधरींचं घर याचा चांगला नमुना आहे. १८८० साली असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंचे वडील उखाजी महाजन, भाऊ घमा, गना, घना, पती नथुजी. आणि मुलं ओंकार, काशी, सोपान. उखा, नथू यांच्याकडून ओंकार, सोपान यांच्याकडे नावं एका पिढीत वळलेली दिसतात. मात्र उखाजींना खरोखर उकिरड्यावर ठेवलं होतं का, हे नुसत्या नावावरून लिहायचं नाही. आपल्या घरालाही हाच नियम.

मोजणी : शाळेचं जनरल रजिस्टर

नावाची चढउतार मोजायला जिल्हा परिषद शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या मुलांची नोंदवही, सगळ्यात उपयोगी. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, आणि वहीत फक्त पहिलं नाव, बापाचं नाव आणि जन्मवर्ष उतरवा. जात, पूर्ण जन्मतारीख, आडनाव यांची मोजणीला गरज नाही; ती लिहूच नका.

गट जन्मवर्षाने पाडा, दाखल झालेल्या वर्षाने नाही. वर्षावर फार भिस्तही ठेवू नका: रजिस्टरात १ जून ही जन्मतारीख पानोपानी दिसेल, कारण जूनमध्ये शाळा उघडताना गुरुजी अंदाजाने वय बसवत. दहा वर्षांचा गट केला की ही चूक बरीचशी जिरते.

आपल्याकडे मधलं नाव बापाचं, हा मोठाच फायदा. एका नोंदीतून मुलाचं दशक मिळतं आणि साधारण पंचवीस-तीस वर्षं आधीचं बापाचंही. पण एका बापाची पाच मुलं शाळेत असतील तर बाप पाचदा मोजला जातो. म्हणून उतरवतानाच भावंडं ओळखून बापापुढे एकच खूण करा.

आकडा नेहमी हजारी काढा. समजा १९५१ ते ६० मध्ये जन्मलेल्या ४०० मुलग्यांत सुपडूच्या गटातली १२ नावं निघाली, तर हजारी ३०. मुलींची हजारी मुलींवरच काढा. जुन्या काळी मुली शाळेत कमी घातल्या जात, एकत्र भागाकार केला तर सुपडाबाई उगाच दुर्मीळ दिसते. एका दशकात पाचपेक्षा कमी नोंदी आल्या तर चढली-उतरली असं काही म्हणू नये.

रजिस्टराची सर्वांत मोठी लबाडी वेगळीच. घरचा सुपडू शाळेत सुभाष होऊन बसतो. त्यामुळे शाळेच्या कागदावर नाव लवकर मेलेलं दिसतं, गल्लीत ते पुढेही हाकेला असतं. गावातल्या दोन-तीन जाणत्यांना यादी वाचून दाखवा आणि ‘ऊर्फ’ची वेगळी ओळ भरा.

मतदार यादी आणि इतर कागद

राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर यादी भागवार मिळते. यादीच्या अर्हता दिनांकाच्या (ज्या तारखेला वय धरलेलं असतं तिच्या) वर्षातून वय वजा केलं की साधारण जन्मवर्ष मिळतं, एखाद्या वर्षाचा फरक धरून. बऱ्याच याद्या चित्ररूपात असल्याने शोध चालत नाही. डोळ्यांनीच वाचाव्या लागतात. पुरुषांसाठी हा कागद चांगला. बायकांसाठी दोनदा फसवा: सून दुसऱ्या गावची, आणि लग्नात नाव बदललेलं असू शकतं.

वारस फेरफारात (जमीन वारसांच्या नावे लावल्याच्या नोंदीत) बापाबरोबर लेकी-लेकांची नावं एकत्र येतात, बऱ्याचदा लग्न होऊन गेलेल्या मुलींचीसुद्धा. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत गाव आणि आडनाव सांगितलं की मागच्या पिढ्या निघतात, पण त्यात विधीला गेलेल्यांचीच नावं. मोजणीला ती चालत नाही.

उतार का आला

कारण लिहिताना घाई नको. देशात १९७१ साली हजार जन्मांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत दगावत. २०२० साली २८. लेकरू जगणार याची खात्री वाढली तसं काळाला चकवायचं नाव लागेनासं झालं. हे एक कारण. दुसरं शाळा आणि नोकरी: वर्गात नाव पुकारल्यावर पोरं हसतात. कुठलं आधी घडलं ते तुमच्या गावाचा तक्ता सांगेल. नाव आधी शाळेत बदललं आणि घरात राहिलं असेल तर लाज हे कारण मोठं. दोन्हीकडे एकदम थांबलं असेल तर पहिलं.

नाव ठेवायचं असेल, किंवा जुळवायचं असेल

पणजोबांचं नाव बाळाला द्यायचं ठरलं तर जन्मनोंदीत ते बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क चढतं. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं नाव महाराष्ट्रात बाळ, आई, वडील, आडनाव या क्रमाने लागतं.

खरा त्रास जुन्या सुपडूंचा होतो. सातबाऱ्यावर सुपडू, आधारवर सुपडा, शाळेच्या दाखल्यावर सुभाष, आणि वारस लावताना तलाठी विचारतो, हे तिघं एकच कशावरून? माणूस हयात असतानाच तिन्ही कागद समोर ठेवून ‘या सर्व नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करून घ्या, आणि त्यात प्रत्येक रूप कागदावर आहे तसंच, काना-उकारासकट लिहा. कायमचं एकच नाव करायचं असेल तर शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून आणा आणि मग आधार, बँक, सातबारा याच क्रमाने दुरुस्त करा. सातबाऱ्याला सर्वांत शेवटी हात लावा. फेरफाराला बाकीचे कागद जोडावे लागतात.