मृगाआधी संत्र्याला बोर्डो लावताय? आधी विळा बुडवून पाहा

नवतपा लागला की आमच्या इकडे, वरूड-मोर्शी म्हणा का काटोल-नरखेड म्हणा, संत्र्याच्या बागेत एक काम ठरलेलं असते, खोडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद अन् चुन्याचा बुरशी मारणारा लेप. मृगाचं पाणी पडलं की बुंध्यापाशी ओल धरते, फायटोफ्थोरा बुरशी सालीत घुसते अन् मग डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग. साल कुजत कुजत खोडाला चहूबाजूनं वेढा पडला तर झाड हातचं गेलं, म्हणून पेस्ट पाण्याच्या आधीच, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत. डिंक निघत असेल तिथली सडकी साल धारदार चाकूनं खरडून घ्या, मगच लावा.

माप सगळ्यांना पाठ आहे, १ किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार, कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. फवाऱ्यासाठी हेच १०० लिटरमध्ये, म्हणजे १ टक्का. पण मला सांगायचं आहे ते चुन्याबद्दल.

मागच्या जुलैत मी फवाऱ्याला घरचा जुना चुना घेतला, पोत्याचं तोंड वर्षभर उघडंच होतं, वजन मात्र बरोबर केलं. तीन-चार दिवसांत कवळ्या पानांवर करपल्यासारखे तपकिरी चट्टे, आंबिया बहाराच्या फळांवर पण, दोन ओळी पूर्ण. लेकरासारखी जपलेली झाडं, जेवण गोड लागलं नाही. पुतणी आता दहावीला आहे, तिनं तो चुना हातात चुरून पाहिला अन् म्हणाली, काका, यानं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतला, याचा खडू झाला, यात आता जोर कुठून राहणार.

गोष्ट खरी आहे. मोरचुदाचं पाणी आम्लधर्मी असते अन् ताज्या चुन्याचं आम्लारी, त्याचा सामू (pH) १२ च्या वर जातो. दोन्ही एकत्र आले की चुना आम्लपणा मारतो आणि तांबं आकाशी रंगाच्या साक्यात बांधल्या जाते, तो साका पाण्यात सहज विरघळत नाही, सालीवर, पानावर चिकटून राहतो अन् हळूहळू बुरशीपुरतं तांबं सोडतो. चुना मेलेला असला तर तांबं मोकळंच राहते आणि तेच पान जाळते. सामू १ नं खाली आला म्हणजे आम्लपणा १० पट वाढला, म्हणून "थोडंसं कमी-जास्त चालते" असं धरून चालू नका.

ओळखायचं कसं? विळा घासून चकचकीत करा, द्रावणात मिनिटभर बुडवा. पात्यावर लालसर थर चढला तर ते तांबं आहे, मोकळं तांबं लोखंडावर येऊन बसलं, दहावीच्या विज्ञानातली विस्थापन अभिक्रिया हीच. मग चुन्याची निवळी थोडी थोडी घालत ढवळा, विळा परत घासा, परत बुडवा, पातं स्वच्छ निघेपर्यंत. पोरांना सोबत घ्या, हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद पण चालते, तो लाल पडला की द्रावण आम्लारी झालं, लिटमस असला तर लाल लिटमस निळा होते.

करताना ड्रम प्लास्टिकचा, लोखंडी टोपलं नाही. मोरचूद फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात लटकत ठेवा, सकाळी विरघळलेला असते. कळीचा चुना ताजा, ढेकळाचाच घ्या, विझवताना पाणी थोडं थोडं टाका, तो खदखदून उडते, डोळ्यावर चष्मा पाहिजेच अन् लहान पोरं लांब. चुना पूर्ण थंड झाला, गाळून झाला की मग मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता, ढवळत ढवळत. डोळ्यात गेलाच तर भरपूर साध्या पाण्यानं निदान १५-२० मिनिटं धुवा अन् लगेच दवाखाना. लिंबू नाहीतर व्हिनेगर टाकून चुना मारायला जाऊ नका, आम्ल-आम्लारी भिडले की उष्णता निघते, डोळा आणखी भाजते.

बोर्डोत कीटकनाशक मिसळू नका, बरीचशी औषधं आम्लारी पाण्यात फुटून जातात. आणि जेवढं त्या दिवशी संपते तेवढंच बनवा, शिळं बोर्डो चिकटत नाही.