उपग्रहचित्रांवरून पड जमीन शोधताना या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर, निपाणी, अथणी या तालुक्यांचे पड जमिनीचे नकाशे तपासायला माझ्याकडे येतात, तेव्हा मी आधी चित्राची तारीख पाहतो, कारण बहुतेक घोटाळा तिथेच झालेला असतो.

सर्वांत चिवट चूक म्हणजे हिरवेपणालाच लागवड समजणे. एका उत्साही अभ्यासकाने खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीकडच्या गावांचा सप्टेंबरमधील एकच एनडीव्हीआय (उपग्रहचित्रावरून काढलेला हिरवेपणाचा निर्देशांक) नकाशा पाहून तेथील भातशेती वाढल्याचा निष्कर्ष लिहूनही टाकला होता. प्रत्यक्षात ती खाचरे गवे आणि रानडुकरांना कंटाळून सोडलेली होती, आणि त्यांत माजलेले गवत व झुडपे पावसाळ्यात भाताइतकीच हिरवी दिसत होती. कसलेल्या खाचराचा एनडीव्हीआय आलेख मशागतीच्या वेळी तळाला असतो, पीक वाढते तसा झपाट्याने चढतो आणि सुगीला एकदम कोसळतो. पडीचा आलेख मात्र पहिल्या पावसाबरोबर चढून उन्हाळ्यापर्यंत रेंगाळत उतरतो. म्हणून वर्षभराची मालिका पाहिल्याशिवाय मी कोणत्याही शेताला पड म्हणत नाही. खानापुरात ऐन पावसाळ्यात ढगांमुळे सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचे स्वच्छ चित्र क्वचितच मिळते, तेव्हा ढगांतूनही पाहू शकणारे सेंटिनेल-१ चे रडार वापरावे. ते शिकायला वेळ लागतो, पण घाई असणाऱ्यांनी हे काम हाती घेऊच नये. अथणीत नेमके उलट घडते, कारण तेथील काळ्या रानात पावसाळ्यात उघडी दिसणारी जमीन बहुधा शाळूसाठी राखलेली असते.

दुसरी चूक अशी की तिच्यामुळे अख्खा तालुका एका रात्रीत पड पडतो. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या चित्रांतील परावर्तित प्रकाशाच्या आकड्यांत १००० ची भर घातलेली असते. ती वजा न करता जुन्या-नव्या चित्रांची मालिका जोडली, तर त्या तारखेनंतरचा एनडीव्हीआय सगळीकडे घसरतो. खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या सदाहरित जंगलाचा एक तुकडा मी प्रत्येक मालिकेत मुद्दाम ठेवतो. त्याच तारखेला जंगलही वाळलेले दिसले, तर दोष शेतकऱ्याचा नसून आकडेमोडीचा आहे.

तिसरी चूक पिक्सेलच्या, म्हणजे चित्रातल्या सर्वांत लहान चौकोनाच्या, आकाराची: लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाचा एक पिक्सेल म्हणजे सुमारे नऊ गुंठे, त्यामुळे खानापूरच्या चिंचोळ्या खाचरांसाठी तो निरुपयोगी आहे. सेंटिनेल-२ चा साधारण एक गुंठ्याचा पिक्सेलही बांधावर चुकतोच. २०१९ च्या महापुरात निपाणीकडचा दूधगंगा-वेदगंगेकाठचा बुडालेला ऊस ही पड नव्हे. एक हंगाम रिकामा गेलेल्या रानालाही पडीक म्हणू नये, कारण सरकारी आकडेवारीतसुद्धा चालू पड वेगळी आणि पाच वर्षे किंवा अधिक काळ न कसलेली जमीन वेगळी मोजतात.

पुन्हा लागवडीखाली आलेली जमीन ठरवताना तर मी अधिकच कंजूष असतो: सलग दोन वर्षे मशागत आणि सुगी दोन्ही दिसल्याशिवाय तिची नोंद करत नाही, कारण झुडपे तोडून लावलेली काजूची रोपे पहिल्या वर्षी हुबेहूब नांगरलेल्या शेतासारखी दिसतात.