दारू सोडल्यानंतर तळपायांची आग: पहिले वर्ष कसे निभवावे

दारू सोडून दोन-तीन महिने झालेल्या माणसाच्या तोंडून एक तक्रार हमखास ऐकू येते: पिणे चालू होते तेव्हा पाय एवढे दुखत नव्हते, आता मात्र अंथरुणाला पाठ टेकली की तळपायांची आग होते, मुंग्या येतात, सुया टोचल्यासारखे होते आणि पांघरुणाचा स्पर्शसुद्धा सहन होत नाही. ही तक्रार मी स्वतः केलेली आहे आणि पुढे पुण्यातल्या पाठपुरावा सभांमध्ये इतरांकडूनही अनेकदा ऐकली आहे. तिच्यातून निघणारा ‘दारू सोडल्यामुळेच पाय बिघडले’ हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि रात्री दोन वाजता तो खरा वाटू लागतो म्हणून धोक्याचाही आहे. हे मार्गदर्शन प्रामुख्याने त्या रात्रीसाठी लिहिले आहे.

मराठीत आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि स्पर्श-वेदनेचे संदेश मेंदूपर्यंत नेणाऱ्या चेतातंतूलाही नसच म्हणतो, त्यामुळे पुष्कळ जण पायात रक्त नीट पोहोचत नसावे असे समजून जोरात मालिश करत बसतात. येथे दुखावलेले असतात ते चेतातंतू. अनेक वर्षांच्या मद्यपानात दारू आणि शरीरात तिच्यापासून बनणारे ॲसिटाल्डिहाइड या तंतूंना थेट इजा करतात. त्याच काळात जेवण कमी होते, आतड्यांतून जीवनसत्त्वे नीट शोषली जात नाहीत, आणि विशेषतः थायमिन म्हणजे बी-१ कमी पडते. शरीरातले सर्वांत लांब तंतू कंबरेपासून पायांच्या बोटांपर्यंत जातात. त्यांचे पोषण सर्वांत आधी तुटते, म्हणून त्रास दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन मोजा घातल्यासारखा वर चढतो. कापसावर चालल्यासारखे वाटणे किंवा पायातली चप्पल केव्हा निसटली ते न कळणे ही याच आजाराची लक्षणे आहेत. ही इजा पिण्याच्या काळातच झालेली असते. तेव्हा दारूच वेदना बधिर करत होती, आणि ते आवरण निघाल्यावर खाली असलेले दुखणे उघडे पडते.

आधी कारण पक्के करावे

पायांची आग दारूमुळेच आहे असे गृहीत धरून घरी बसू नये, कारण असाच त्रास मधुमेह, बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचे व मूत्रपिंडाचे विकार यांतही होतो, आणि एकाच माणसाला यांतले दोन-तीन आजार एकदम असू शकतात. आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे, किंवा ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून, किती वर्षे आणि किती प्यायलो हे खरे सांगावे. मी पहिल्या भेटीत ‘कधीमधी घेत होतो’ असे सांगितले आणि माझे सहा महिने कंबरेच्या मणक्याच्या उपचारांत गेले. त्यात दोष डॉक्टरांचा नव्हता. साधारणपणे रक्तातली साखर व एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर), बी-१२, थायरॉइड, मूत्रपिंड व यकृत यांच्या तपासण्या होतात आणि गरज वाटल्यास चेतातंतूंतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी एनसीव्ही तपासणी केली जाते. अगदी बारीक तंतू दुखावले असतील तर एनसीव्हीचा अहवाल निर्दोष येऊनही आग होत राहू शकते, तेव्हा अहवाल चांगला आला म्हणून दुखणे मनाचे आहे असे कोणी म्हटले तर खचून जाऊ नये.

चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. क्षयरोगावरील आयसोनियाझिडसारख्या काही औषधांनी पायांत मुंग्या येतात. त्याहून आपल्या विषयाच्या जवळचे औषध म्हणजे दारू सोडल्यावर पुष्कळांना दिले जाणारे, वर दारू प्यायल्यास तीव्र त्रास घडवणारे डायसल्फिराम, ज्यामुळे काही जणांच्या चेतातंतूंना इजा होऊ शकते. ही गोळी सुरू झाल्यानंतर मुंग्या आल्या किंवा वाढल्या असतील तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे, परंतु गोळी आपल्या मनाने बंद करू नये. घरच्या मंडळींनाही येथेच कळकळीने सांगतो की हे औषध भाजीत किंवा चहात गुपचूप कालवून देणे जिवावर बेतू शकते.

काही लक्षणांत वाट पाहण्यात अर्थ नसतो. चालताना झोक जाऊ लागला, एकाची दोन दिसू लागली किंवा बोलण्यात गोंधळ होऊ लागला, तर ती मेंदूला थायमिन कमी पडल्याची खूण असू शकते आणि तिच्यावर त्याच दिवशी रुग्णालयात उपचार व्हावे लागतात. थोड्याच दिवसांत पायांतली ताकद जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, एकच पाय सुजून दुखणे, किंवा पायावरची जखम काळी पडणे अथवा तिच्यातून पू येणे, यांपैकी काहीही झाले तरी १०८ क्रमांकाला फोन करावा किंवा तातडीने रुग्णालय गाठावे.

रात्रीची तयारी संध्याकाळपासून

दुखणे रात्री वाढते, झोप दारू सोडल्यावर काही महिने तशीही विस्कटलेली असते, आणि ‘एक घेतली तर झोप लागेल’ हा विचार नेमका त्या वेळी डोके वर काढतो. म्हणून रात्र उजाडण्याच्या आशेवर सोडून देऊ नये. तिची आखणी करावी. पाचनंतर चहा-कॉफी टाळावी. जेवण साडेआठच्या आत व्हावे, कारण रिकाम्या पोटी दुखणेही जास्त वाटते आणि तलफही. डॉक्टरांनी रात्रीची गोळी दिली असेल तर ती झोपण्यापूर्वी किती वेळ घ्यायची हे त्यांनाच विचारून घ्यावे. माझ्या बाबतीत आग सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा मला फारसा उपयोग होत नसे.

झोपण्यापूर्वी पाय साध्या नळाच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावेत आणि बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करावेत. बर्फ लावू नये आणि गरम पाण्यात तर मुळीच बुडवू नयेत. पहिल्या हिवाळ्यात थंडीने पाय ठणकू लागले म्हणून मी मीठ घातलेल्या कडकडीत पाण्यात पाय सोडून बसलो. मला ते कोमट वाटत होते, आणि सकाळी दोन्ही टाचांना फोड आलेले दिसले. ते भरून यायला सात आठवडे लागले. पाण्याची उष्णता कोपराने पाहावी किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाला हात घालून पाहायला सांगावे. गरम पाण्याची पिशवी आणि शेकोटी या दोन्ही गोष्टी बधिर पायांसाठी वर्ज्य समजाव्यात.

तळपायांना तूप लावून काशाची वाटी घासण्याची आपल्याकडची पद्धत चेतातंतू बरे करत नाही, पण अनेकांना त्याने शांत वाटते आणि कातडी अखंड असेल तर हलक्या हाताने ते करायला हरकत नाही. फक्त उठण्यापूर्वी तूप पुसून काढावे, कारण बधिर आणि तुपकट पाय फरशीवर हमखास घसरतो. पांघरूण टोचत असेल तर पलंगाच्या पायथ्याशी पुठ्ठ्याचे एखादे मोठे खोके आडवे ठेवून चादर त्याच्यावरून सोडावी, म्हणजे पाय तिच्या खाली मोकळे राहतात. न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर छोटा दिवा रात्रभर चालू ठेवावा, कारण पायांना जमिनीचा अंदाज येत नाही तेव्हा तोल डोळ्यांच्या आधाराने सांभाळला जातो आणि अंधारात तो आधारही जातो.

एवढे करूनही आग आणि तलफ एकदम आली, तर अंथरुणात तळमळत पडू नये. उठून बसावे, दिवा लावावा, काहीतरी खावे आणि ठरलेल्या माणसाला फोन करावा. हा माणूस दिवसाच ठरवून ठेवलेला असावा, आणि रात्री कितीही वाजता फोन आला तरी चालेल असे त्याच्याकडून वदवून घेतलेले असावे. येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली त्याची सुरुवात केली. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या गटाच्या सभाही पुण्यात भरतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हे सरकारी क्रमांक कपाटाच्या दारावर ठळक अक्षरांत चिकटवून ठेवावेत.

औषधांविषयी

चेतातंतूंच्या दुखण्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन दुकानातून आणून खात राहिल्यास, आधीच नाजूक झालेल्या पोटात रक्तस्राव होण्याची आणि मूत्रपिंडाला इजा होण्याची भीती असते, आणि यकृत खराब असेल तर पॅरासिटामॉलची मात्राही डॉक्टरांनीच ठरवावी लागते. या दुखण्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबॅलिन, ॲमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन यांपैकी एखादे औषध थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात आणि परिणाम कळायला काही आठवडे द्यावे लागतात. यकृताचा आजार असल्यास ड्युलोक्सेटिन सहसा टाळतात. प्रीगॅबॅलिनने गुंगी येते, काहींचे पाय सुजतात, आणि व्यसनाचा पूर्वेतिहास असलेल्या माणसाला त्याची सवय लागण्याचा धोका असतो. म्हणून गोळ्या घरातल्या विश्वासू माणसाकडे ठेवाव्यात, मात्रा स्वतः वाढवू नये आणि एकदम बंदही करू नये. ट्रामाडॉल ही सवय लावू शकणारी, अफूच्या वर्गातली वेदनाशामक गोळी तर आपल्यासारख्यांनी कोणाच्या सांगण्यावरून घेऊच नये.

बी-१ आणि बी-१२ कमी असतील तर ती सुरुवातीला इंजेक्शनाने आणि पुढे गोळ्यांनी भरून काढतात. ‘नसांची ताकदीची गोळी’ म्हणून वर्षानुवर्षे दुकानातून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत मात्र बी-६ किती आहे ते पाहून घ्यावे, कारण ते जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास स्वतःच चेतातंतूंना इजा करते. वातावर म्हणून सुचवली जाणारी दशमूलारिष्टासारखी आसवे आणि अरिष्टे आंबवून केलेली असतात आणि त्यांत अल्कोहोल असते. ती सांगणाऱ्या काकू-मावशींचा हेतू कितीही चांगला असला तरी नम्रपणे नाही म्हणावे. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरही तेवढेच लक्ष असावे.

ताटात काय असावे

थायमिन धान्याच्या कोंड्यात असते. पांढऱ्याशुभ्र पॉलिश केलेल्या तांदळात ते फार कमी उरते, म्हणून ज्वारी-बाजरीची भाकरी, हातसडीचा किंवा उकडा तांदूळ, मोड आलेली मटकी, डाळी, शेंगदाण्याचा कूट आणि तीळ यांना रोजच्या जेवणात जागा द्यावी. कडधान्य लवकर शिजावे म्हणून सोडा घालण्याची सवय सोडावी, कारण सोड्याने थायमिन नष्ट होते, आणि हे जीवनसत्त्व पाण्यात उतरत असल्यामुळे डाळ किंवा कडधान्य शिजवलेले पाणी फेकून न देता आमटीत वापरावे. चहा जेवणाबरोबर घेऊ नये. तो थायमिनच्या शोषणात अडथळा आणतो. बी-१२ वनस्पतींमध्ये मिळत नाही. मांसाहार करणाऱ्यांना ते अंडी, मासे व मटणातून मिळते; शाकाहारी माणसाने दूध-दही घ्यावेच, पण रक्ततपासणीत ते कमी आले असेल तर केवळ दह्यावर विसंबून राहू नये.

न दुखणारा पाय

दुखणारा पाय माणूस जपतो. बधिर झालेल्या पायाकडे मात्र लक्ष जात नाही, आणि जखमा तेथेच होतात. रोज संध्याकाळी उजेडात बसून तळपाय आरशात पाहावेत. नखे सरळ कापावीत, कुरूप ब्लेडने खरवडू नये, टाचांच्या भेगांना व्हॅसलीन लावावे पण बोटांच्या बेचक्यांत लावू नये. पावसाळ्यात ओले बूट दिवसभर पायात राहिले की चिखल्या होतात, म्हणून कचेरीत कोरड्या मोज्यांचा एक जोड ठेवावा. अंगठ्याची सैल चप्पल आणि कडक कडांची नवी कोल्हापुरी, दोन्ही सध्या बाजूला ठेवाव्यात आणि मागून पट्टा असलेली मऊ तळाची सँडल किंवा रुंद बूट घ्यावेत; खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. पायात घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा नाही ना ते पाहावे.

अनवाणी चालण्याचा प्रश्न पुण्यात सोपा नाही. वैशाखातल्या दुपारी मंदिराची दगडी फरशी पोळते आणि बधिर तळव्याला ते कळत नाही. दर्शनाला सकाळी लवकर जावे आणि जाड मोजे घालावेत. पालखीबरोबर अनवाणी चालण्याचा नवस असेल तर तो या वर्षी बुटांनिशी पुरा करावा, असे मी श्रद्धेनेच सांगतो. दुचाकी चालवणाऱ्यांनी पायाखालचा ब्रेक नीट जाणवतो का हे प्रामाणिकपणे तपासावे, आणि जाणवत नसेल तर काही महिने बसने किंवा रिक्षाने जावे.

व्यायाम थांबवू नये. टेकडीच्या खडबडीत वाटेऐवजी बागेतल्या सपाट वाटेवर पंधरा-वीस मिनिटे चालून सुरुवात करावी. घरी स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून उभे राहणे आणि जमिनीवर पसरलेला पंचा पायाच्या बोटांनी गोळा करणे हे तीन प्रकार फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेतले की रोज करता येतात.

किती दिवस लागतील

तुटलेला चेतातंतू सर्वांत अनुकूल स्थितीतही दिवसाला सुमारे १ मिलिमीटर एवढाच वाढतो, आणि कंबरेपासून बोटांपर्यंतचे अंतर जवळपास एक मीटर आहे. त्यामुळे फरक आठवड्यांत मोजू नये. पुष्कळांना काही महिन्यांत आग कमी झाल्याचे जाणवते, उरलेली सुधारणा वर्ष-दोन वर्षे चालू राहते, आणि दीर्घकाळ प्यायलेल्यांत थोडा बधिरपणा कायमचाही राहू शकतो. पुन्हा पिणे सुरू झाले तर मात्र ही वाढ थांबते आणि इजा पुढे सरकू लागते.

सुधारणा इतकी संथ असते की ती आठवणीने कळत नाही, म्हणून लिहून ठेवावी. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रोज सकाळी गेल्या रात्रीच्या दुखण्याला शून्य ते दहांपैकी एक आकडा द्यावा, आणि दर महिन्याच्या १ तारखेला डोळे मिटून कापसाचा बोळा बोटांकडून वर फिरवावा व स्पर्श जेथे कळू लागतो ती जागा घोट्यापासून किती बोटे वर किंवा खाली आहे याची नोंद करावी. ही पाने डॉक्टरांना दाखवली की औषध वाढवायचे की कमी करायचे हे ठरवणे त्यांना सोपे जाते. माझी पहिली नोंद घोट्याच्या चार बोटे वर होती. चौदा महिन्यांनी ती पावलाच्या मध्यावर आली. डाव्या पायाची दोन बोटे अजून बधिर आहेत.