अंदमानला गटाने जाताय? या चुका टाळा

शेवटची रात्र हॅवलॉक बेटावर ठेवू नका. "सकाळच्या बोटीने पोर्ट ब्लेअरला यायचं आणि दुपारचं विमान पकडायचं" हा बेत कागदावर सुबक दिसतो, एका रात्रीचं भाडंही वाचतं. पण मधला दीड-दोन तासांचा प्रवास उघड्या समुद्रातला आहे. वारा चढला की बोटी रद्द होतात आणि ते कधी आदल्या संध्याकाळी कळतं, कधी थेट धक्क्यावर गेल्यावर.

आमच्या पहिल्या सहलीत आम्ही सतरा जण होतो. बोट सुटली नाही, विमान गेलं आणि सतरा तिकिटं नव्याने काढावी लागली. एकट्यादुकट्याला पुढच्या बोटीत कुठेतरी जागा मिळते, सतरा जणांना एकदम मिळत नाही. म्हणून दुसऱ्या वेळी हॅवलॉक आणि नील ही बेटं आधी केली, शेवटची पूर्ण रात्र पोर्ट ब्लेअरसाठी राखली आणि फिरतीचा एक दिवस मोकळाच सोडला. मोकळा दिवस वाया जात नाही. बोट वेळेवर आली तर तो दिवस सेल्युलर जेल आणि बाजार पाहायला मिळतो.

तरीही बोट रद्द झालीच, तर सगळ्यांनी एकत्रच जायचा हट्ट धरू नका. आजारी माणसं, लहान मुलं असलेली कुटुंबं आणि ज्यांची रजा संपतेय ते पहिल्या मिळेल त्या बोटीने, बाकीचे नंतर. हा क्रम घरून निघण्याआधीच ठरवा. धक्क्यावर उभं राहून ठरवायला गेलं की भाऊ भावाशी भांडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. प्रत्येकाचं ओळखपत्र ज्याच्या-त्याच्याकडे हवं. सगळी आधार कार्डं एकाच काकांच्या बॅगेत असतील, तर गट फोडताच येत नाही.

नावांचा घोळही आधीच मिटवा. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं होतं. लोकांच्या बोलण्यात जुनी नावं अजून आहेत, त्यामुळे तिकिटावर एक आणि हॉटेलच्या पावतीवर दुसरं नाव दिसू शकतं. दोन्ही नावं शेजारी-शेजारी लिहिलेला कागद प्रत्येक ज्येष्ठाच्या खिशात द्या.

सूर्याचं घड्याळ

ही चूक जवळजवळ प्रत्येक मराठी गट करतो. अंदमान मुंबईच्या पूर्वेला सुमारे वीस रेखांश आहे, घड्याळ मात्र एकच. एका रेखांशाला चार मिनिटं धरली तर सूर्य तिथे आपल्यापेक्षा साधारण ऐंशी मिनिटं आधी असतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. "जेवून जरा पडू, मग चारला निघू" असं म्हटलं की हॅवलॉकवरच्या राधानगर किनाऱ्यावर पोचेपर्यंत अंधार पडायला लागतो आणि जीवरक्षक शिट्ट्या मारून सगळ्यांना पाण्याबाहेर काढत असतात. त्यांचं ऐका. या बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि इशाऱ्याच्या पाट्या त्यासाठीच आहेत. दिवस पहाटे पाचला सुरू करा, दुपारी बाराला जेवा आणि रात्री नऊला झोपा. पहिल्या दिवशी कुरकुर होते, तिसऱ्या दिवशी सगळे आपणहून उठतात.

बोट लागणं

घाटात गाडी न लागणाऱ्यालाही बोट लागू शकते. खासगी वेगवान बोटी बंद आणि वातानुकूलित असतात, बहुतेक वर्गांना डेकवर जाऊन वारा खायची सोय नसते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फार उपयोग होत नाही, ती अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते. कोणती घ्यायची हे आपल्या डॉक्टरांना घरूनच विचारा, विशेषतः रक्तदाबाची किंवा दुसरी औषधं चालू असतील तर. रिकाम्या पोटी बसू नका आणि तेलकट पुऱ्या खाऊनही नको. इडली किंवा केळं बरं. ज्याला त्रास होतो त्याला बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर बसवा आणि मोबाइलमध्ये न बघता क्षितिजाकडे बघायला सांगा. आलेपाकाची डबी मात्र हातातल्या पिशवीत ठेवा. सामान चढवून झाल्यावर बॅग हाताला लागत नाही.

बाराटांगला "आदिवासी बघायला" जाऊ नका

याबद्दल मला मनापासून सांगायचंय. बाराटांग बेटावरची चुनखडीची गुहा आणि खारफुटीतून जाणारी होडी सुंदर आहे, यात शंका नाही. पण तिथे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा ताफा करतात आणि ठरावीक वेळी सोडतात. पहिला ताफा पकडायचा तर पोर्ट ब्लेअरहून पहाटे तीन-साडेतीनला निघावं लागतं. वाटेत थांबायला, काच खाली करायला, फोटो काढायला आणि खाऊ द्यायला मनाई आहे. कायदा मोडला तर तुरुंगवास होऊ शकतो.

गटातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "एवढे आलोय तर दिसतील का हो?" ही माणसं त्यांच्या स्वतःच्या घरात आहेत. बाहेरच्यांपासून त्यांनी शतकानुशतकं अंतर राखलं आणि आपल्या सर्दी-गोवरासारख्या आजारांनी त्यांचे जीव धोक्यात येतात. मुलांना हे आदल्या रात्री नीट समजावून सांगा, मोबाइल बॅगेत ठेवायला लावा आणि चालकाला "जरा हळू घ्या" म्हणू नका. गटात साठीपुढचे बरेच असतील, तर माझ्या मते बाराटांग वगळाच. रात्रीची मोडलेली झोप, ताफ्याची वाट आणि खडबडीत पायवाट मिळून सगळा दिवस जातो.

नीलवरचा खडकांचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच बघायचा असतो. कोकणातली मंडळी तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा, तिथे लावू नका. प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते, त्यामुळे आदल्या दिवशी हॉटेलात विचारा. वाट शेवाळलेल्या दगडांची आहे. मागे पट्टा असलेल्या चपला घाला. डबक्यांत जिवंत प्रवाळ असतं, त्यावर पाय देऊ नका. आणि किनाऱ्यावरचे शंख, प्रवाळाचे तुकडे "आठवण म्हणून" उचलू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, विमानतळावर बॅग उघडायला लावतात आणि एकाच्या बॅगेसाठी सगळा गट खोळंबतो.

स्कूबाचा अर्ज भरताना दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया लपवू नका. मित्रांच्या गटात आदल्या रात्रीची पार्टी आणि सकाळचा डाइव्ह एकत्र ठेवू नका. डाइव्हनंतर किमान अठरा तास विमानात बसायचं नाही, म्हणून तो हॅवलॉकच्या पहिल्याच दिवशी करा.

समुद्राखालची केबल २०२० मध्ये आल्यापासून इंटरनेट बरंच सुधारलंय, पण छोट्या बेटांवर नेटवर्क अजूनही जातं. तेव्हा क्यूआर कोड स्कॅन होत नाही आणि हरवलेल्या माणसाला फोनही लागत नाही. रोख रक्कम दोन-तीन जणांत वाटून ठेवा. प्रत्येक ठिकाणी उतरल्या-उतरल्या भेटायची जागा आणि वेळ ठरवा. वर्गणी आधीच गोळा करून एकाला खजिनदार नेमा आणि हिशोब रोज रात्री वाचून दाखवा.

सेल्युलर जेल अर्ध्या तासात उरकू नका

विमानातून उतरल्यावर, सामान गाडीतच ठेवून, "जाता जाता" जेल दाखवणारे कार्यक्रम असतात. तसा कार्यक्रम घेऊ नका. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. एका शाखेच्या कोठड्यांची तोंडं पुढच्या शाखेच्या पाठीकडे होती, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. हे मधल्या मनोऱ्यावर चढून पाहिल्याशिवाय कळत नाही. तात्याराव सावरकर ४ जुलै १९११ रोजी इथे पोचले. त्यांचे थोरले भाऊ बाबाराव आधीपासून त्याच भिंतींत होते. दालनातल्या नावांच्या पाट्याही वाचा. बारींद्रकुमार घोष, उल्लासकर दत्त, बटुकेश्वर दत्त, बंगाल आणि पंजाबची कितीतरी नावं. मुलांना ती मोठ्याने वाचायला सांगा. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटं आधी काढून ठेवा, गटाला ऐन वेळी मिळत नाहीत.

सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, टोकाला आहे. पहिल्या सहलीत आत्या गुडघ्यांमुळे खालीच बसून राहिल्या, कारण आम्हाला पुढची बोट गाठायची होती. दुसऱ्या वेळी सकाळीच आलो. दर दहा पायऱ्यांवर थांबत त्या चढल्या, वीस मिनिटं लागली. मग आत जाऊन भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या, आणि कुणीही घड्याळाकडे पाहिलं नाही.