हॅलोविनचा खर्च आवरायचाय? हे करून बघा

अमेरिकेत पहिलाच हॅलोविन असेल आणि मुलं कॉस्च्युमसाठी मागे लागली असतील तर नवा घेऊच नका, एका संध्याकाळसाठी कशाला एवढे डॉलर, थ्रिफ्ट स्टोअरमध्ये (वापरलेल्या वस्तूंच्या स्वस्त दुकानात) बघा नाहीतर घरातला मोठा खोका, फॉइल आणि डक्ट टेप घेऊन मुलांसोबत रोबोट बनवा, आमच्याकडे तोच सगळ्यात हिट झाला. फक्त आत स्वेटर मावेल एवढा ढगळ ठेवा, ३१ ऑक्टोबरला रात्री बऱ्याच ठिकाणी थंडी असते. सजावटीसाठी कोरायचा भोपळा एकच आणा, दोन-तीन दिवस आधी कोरा, त्याच्या आधी कोरला तर बुरशी धरतो. आणि बिया टाकू नका हं! धुवून नीट कोरड्या करा, तेल-तिखट-मीठ चोळून ओव्हनमध्ये ३५० फॅरनहाइटवर १५-२० मिनिटं भाजा, मस्त कुरकुरीत होतात.